शनिवारचा वर्ग

माणूस ओळखावा तर सिद्धम्मानं, असं अख्खं औसा म्हणायचं; निदान सिद्धम्मा तरी म्हणायचीच. नांदेडहून सुकन्या मॅडम शाळेत आली तेव्हाच हिच्या मनात पाल चुकचुकली. वयात येणाऱ्या पोरींच्या आरोग्याचा म्हणे अभ्यास! दर शनिवारी दुपारी नववीच्या पोरींना पाळी, शरीर, कुणी कुठं हात लावू नये, असलं शिकवायचं आणि त्यानं काय फरक पडतो ते तपासायचं. आईबापाची सही मात्र हवी.

"नको ते कळाल्यावर काय फरक पडतो, ते मीच सांगते की," सिद्धम्मा नवऱ्याला म्हणाली. संगप्पा आडतीवर निघाला होता. "तुझं तू बघ," म्हणून गेला. सही काही झाली नाही.

वर खबरदारी म्हणून शनिवारी दुपारी नववीतल्या आपल्या पोरीला, सृष्टीला, लातूरला धाडायचं ठरलं, गुरुलिंगमामाकडं. तो सिद्धम्माचा चुलतभाऊ, गणिताची शिकवणी घ्यायचा. कपाळाला भस्म, तोंडात सदा "शरणु शरणार्थी". घरचाच माणूस, आणखी काय पाहिजे? सृष्टी दोनदा म्हणाली, "मला न्हाई जायचं." सिद्धम्मानं दोन्ही वेळा तिला बसमध्ये बसवून दिलं.

एका सकाळी वेणी घालताना तिचा हात थांबला. पोरीच्या गळ्यात दोऱ्यातलं इष्टलिंग नव्हतं! लिंगायताच्या घरात ते कधी उतरवत नाहीत. झोपताना नाही, पाळीतसुद्धा नाही; आमच्यात विटाळच मानत नाहीत, हे सिद्धम्मा शेजारणींना ठसक्यात सांगायची.

"लिंग कुठंय गं?"

"देव्हाऱ्यात ठेवलंय."

"कुणी सांगितलं काढाया? काय केलंस तू?"

पोरगी अर्धी वेणी तशीच सोडून उठली.

झालं! हे त्या नांदेडच्या बाईचंच काम. सृष्टी मधेच बसमधून उतरून चोरून तिच्या वर्गात बसत असणार, आणि तिनंच देवधर्म सोडायला शिकवलं असणार. उद्या पळून जायला शिकवील! त्या शनिवारी सिद्धम्मानं पोरीला लातूरला न धाडता घरीच बसवलं आणि पदर खोचून शाळा गाठली.

"माझ्या सृष्टीच्या गळ्यातलं लिंग तुम्ही उतरवलं!"

सुकन्या गोंधळली. "सृष्टी? ती माझ्या वर्गात एकदाही बसली नाही, ताई. तुमची सही नव्हती. एकदा दारापाशी येऊन विचारून गेली, सही नसली तर बसता येत नाही का म्हणून. मी नाही म्हणाले."

"खोटं!"

"काकू, ती शनिवारी मामाकडं जाती की," एक पोरगी मधेच बोलली. "बस आली की रडती."

सुकन्या तिला बाजूला घेऊन हळू म्हणाली, "घरी जाऊन 'काय केलंस' विचारू नका. 'काय झालं' विचारा. आणि सांगेल ते खरं धरा."

"मला शिकवू नका," सिद्धम्मा म्हणाली खरी, पण घराकडं जवळजवळ पळतच निघाली. गावातल्या एकूणएक माणसावर तिनं संशय घेतला होता, भाऊ तेवढा सोडून.

सृष्टी स्वयंपाकघरात बसली होती. सिद्धम्मा तिच्यापुढं खालीच टेकली.

"काय झालं, बाई?"

पोरीनं आधी आईचं तोंड निरखलं. मग सांगितलं. "सगळ्या पोरी गेल्या की मामा मला थांबवून घेतेत. गळ्याखाली हात घालतेत. लिंगाला त्यांचा हात लागला, आई. मग ते घालूच वाटंना."

"अगं माझे माय!" सिद्धम्मानं तिला छातीशी धरलं. "मला का न्हाई सांगितलंस?"

"न्हाई जात म्हणलं होतं की. तू म्हणलीस, त्या बाईच्या वर्गापेक्षा मामा बरा."

सिद्धम्माला रडूही येईना. बोभाटा होईल, सोयरीक जमणार नाही, भाऊबंद तोंडावर थुंकतील, सगळं क्षणात डोक्यात येऊन गेलं. तेवढ्यात फोन वाजला. गुरुलिंगच होता.

"अक्का, सृष्टी आली न्हाई आज? अभ्यास बुडायलाय की तिचा."

सिद्धम्मानं पोरीकडं पाहिलं. ती भिंतीला चिकटली होती.

"घरीच हाईस न्हवं?" सिद्धम्मा गोड आवाजात म्हणाली. "कुठं जाऊ नको बरं. मीच यायलेय."

फोन ठेवून तिनं सृष्टीचा हात धरला. वाटेत शाळेतून सुकन्याला संगं घेतलं आणि तिघी पोलीस ठाण्याची पायरी चढल्या.