दुसरा नळ

"अहो, त्याला रंधा कशाला मारताय?" दारात उभी राहून म्हातारी म्हणाली. "खोटंच तर उभं करायचंय."

मिस्त्रींनी वर पाहिलं नाही. फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला, एक डोळा मिटून सरळपणा पाहिला आणि पुन्हा एकदा रंधा ओढला.

"खोटं असलं तरी हात माझा आहे," ते म्हणाले. "वाकडं उभं राहिलं तर गल्लीत तोंड कुठे दाखवू?"

"तोंड दाखवायला भिंत लागत नाही हो. लपवायला लागते."

म्हातारीच्या जिभेला अशी धार लग्नापासून होती आणि मिस्त्रींना तिची सवय होती. ते हसले आणि कामाला लागले. मधल्या खोलीत, जिथे आजवर सगळं घर जेवायला बसत आलं होतं, तिथे प्लायवूडची भिंत उभी राहत होती. तिला दार होतं, दाराला कडी होती. नुसता पडदा लावला असता तरी भागलं असतं. पण उभं आयुष्य लोकांची दारं बसवण्यात गेलेल्या माणसाला पडदा कसा लावावा?

भानगड नळाची होती. पालिकेचे निर्णय एकेकटे येत नाहीत, जोडीनं येतात. पहिला निर्णय पाण्याचा. एका नळावर अमुक इतकं पाणी वापरलं तर दर स्वस्त, त्याच्या वर गेलं की दुप्पट. त्या नळावर दोन माणसं असोत की दहा, हिशेब नळाचा. म्हणजे जे घर एकत्र, त्याच्याच खिशाला भोक. मात्र घरात दोन वेगळ्या चुली असतील आणि प्रत्येकीवर निदान चार माणसं जेवत असतील, तर दुसरा नळ मिळायचा. दुसरा निर्णय रस्त्याचा. गल्लीतला रस्ता सिमेंटचा होणार, आणि एकदा झाला की पाच वर्षं तो कोणालाही खणू देणार नाहीत. ज्याला दुसरा नळ हवा, त्यानं आत्ताच घ्यावा.

झालं! गल्लीत भाऊबंदकीची साथ आली. जन्मभर एका ताटात जेवलेले भाऊ पालिकेच्या कागदावर एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले आणि संध्याकाळी ओट्यावर शेजारी बसून त्यावर पोट धरून हसायला लागले.

मिस्त्रींच्या घरी ही कल्पना निघाली ती खुद्द मिस्त्रींच्याच डोक्यातून. आवळा देऊन कोहळा काढायचा, एवढाच विचार. थोरला मुलगा छापखान्यात होता, धाकटा औषधांच्या गोदामात. दोघांनीही मान डोलावली. अडलं ते एका माणसावर. थोरला, थोरली आणि त्यांच्या दोन मुली, ही चार झाली. धाकट्याकडे मात्र तो, त्याची बायको आणि रांगतं पोर, एवढीच.

"आईला आमच्याकडे दाखवू," धाकटा म्हणाला.

"म्हणजे या वयात मला नवऱ्यापासून वेगळं काढताय होय?" म्हातारी म्हणाली. सगळं घर हसलं. मिस्त्रींना तर हसता हसता ठसका लागला.

पालिकेचा तपासनीस आला तो भर दुपारी. खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं, कडी उघडून लावून पाहिली.

"भिंत नवी दिसतेय."

"भांडण नवं आहे साहेब," मिस्त्री म्हणाले.

"कशावरून झालं?"

याची तयारी कोणीच केली नव्हती. थोरली धाकटीकडे बघायला लागली.

"मिठावरून," धाकटी म्हणाली.

"मी मेली सगळं खारट करते म्हणे," थोरलीनं लगेच पदराआड तोंड लपवत साथ दिली.

"मिठावरून घरं फुटलेली पाहिलीत मी," तपासनीस शांतपणे म्हणाला. त्याचा विश्वास बसला होता की नाही, देव जाणे. "पण मी न सांगता पुन्हा येईन. दोन्हीकडे स्वयंपाक होताना दिसला पाहिजे. आणि आजी त्या बाजूलाच दिसल्या पाहिजेत. नाहीतर दंड."

तो गल्लीच्या वळणाआड गेला आणि घरात जो हशा पिकला, तो शेजाऱ्यांनाही ऐकू गेला. थोरली आणि धाकटी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. मिस्त्रींना पुढे कित्येकदा ती दुपार आठवायची. सगळं घर एकदम असं हसलं, ते तेव्हाच शेवटचं.

दुसरा नळ आला. मग काळ्या डांबरी रस्त्याची साल निघाली, यंत्रं आली, आणि नळाच्या पाइपावर सिमेंट पडलं. मिस्त्री ओट्यावर बसून बघत राहिले. काम बरं चाललं होतं. नाव ठेवायला जागा नव्हती.

तपासनीस कधी टपकेल याचा नेम नव्हता, म्हणून पलीकडच्या शेगडीवर आधी नुसता चहा व्हायला लागला. धाकटी इस्पितळात नर्स होती. सकाळच्या पाळीला तिला उजाडण्याआधी निघावं लागे. आजवर ती न खाताच जायची, कारण थोरलीचा स्वयंपाक तेव्हा व्हायचा नाही आणि थोरलीला लवकर उठवायचं धाकटीच्या जिवावर यायचं. आता ती चहाबरोबर थोडा भात टाकायला लागली. मग भाजी. मग पोराचं. पोरासाठी आजी तिकडे होतीच, आजीचंही त्यातच व्हायला लागलं.

इकडे थोरलीकडे एक रविवार असा आला, की ती उन्हं वर येईपर्यंत झोपली. मिस्त्रींना वाटलं, बरं नाही. ते दोनदा दाराशी जाऊन आले. तिसऱ्यांदा ती केस बांधत बाहेर आली आणि ओशाळून म्हणाली, "बाबा, डोळाच उघडला नाही बघा." बरं नसल्याचं काही नव्हतं. उलट चेहरा टवटवीत होता. या घरात आल्यापासून तिचा असा चेहरा मिस्त्रींनी पाहिला नव्हता, आणि पाहिला नव्हता हेही त्यांच्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

भांडण कधीच झालं नाही. मिस्त्रींना खुपलं ते हेच. चार भांडी आहेत, भांड्याला भांडं लागायचंच. लागलं असतं तर त्यांनी दोन्ही पोरांना समोर बसवलं असतं, चार शब्द सुनावले असते, मिटवून टाकलं असतं. त्यात ते वाकबगार होते. पण इथे मिटवायला काही नव्हतं. दोन्ही सुना एकमेकींशी पूर्वीपेक्षा गोड बोलत. एकदा तर धाकटी वाटीभर साखर मागायला आली तेव्हा दार लोटून आत न येता तिनं बाहेरून टकटक केलं.

"वहिनी, येऊ का आत?"

मिस्त्री पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली. त्यांच्याच हातचं दार, बिजागरी जराही कुरकुरत नव्हती, आणि सून त्याच्या पलीकडे परवानगीची वाट पाहत उभी.

थंडीच्या दिवसांत पोराला खोकला झाला. धाकटी पहाटे जाणार, धाकटा गाढ झोपणारा. म्हणून म्हातारीनं आपली गादी तिकडे नेली. "चार दिवसांसाठी," ती म्हणाली. खोकला गेला, गादी तिकडेच राहिली. मिस्त्रींना रात्री पाण्याचा तांब्या स्वतः भरून घ्यायची सवय करावी लागली. त्याचं काही विशेष नाही. पण झोप लागण्याआधी दिवसभराचं जे चार वाक्यांत बोलून व्हायचं, ते आता कोणाशी बोलावं? प्लायवूडमधून खोकला ऐकू येतो, बोलणं येत नाही.

"काय ग, तिकडेच मुक्काम का आता?" त्यांनी एकदा तिला ओट्यावर गाठून विचारलं.

"पोरगं मिठी मारून झोपतं हो," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, "आणि तुम्ही घोरता."

"इतकी वर्षं नव्हतो घोरत?"

"इतकी वर्षं दुसरी खोली नव्हती."

ती हसली, तेही हसले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आणि मग, निवडणूक जवळ आली तशी पालिकेला उपरती झाली. पाण्याचा दुप्पट दर रद्द. आता सरसकट एकच दर, वर प्रत्येक नळामागे वेगळा ठरावीक आकार. म्हणजे कालपर्यंत दोन नळ फायद्याचे, आजपासून दोन नळ म्हणजे विकतचं दुखणं. ज्यांनी देखाव्यासाठी दुसरा नळ घेतला असेल, त्यांनी पाणी विभागाच्या खिडकीवर येऊन तसं सांगावं, दंड नाही, नळ बंद करून देऊ. रस्ताही खणावा लागणार नव्हता, घराशीच टोपण लावून भागणार होतं.

मिस्त्रींना पेपरात हे वाचताना गहिवरून आलं. गेलेलं घर पालिकेनं आपणहून परत दिलं होतं. संध्याकाळी त्यांनी दार सताड उघडलं आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्या जाऊन सांगून येतो. आल्यावर भिंत काढतो. झाला तेवढा तमाशा पुरे."

"बरं," थोरला म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तसं बाबा," धाकटा म्हणाला.

थोरलीची नजर एकदा माळ्याकडे गेली. म्हातारी पोराला भरवत होती, तिनं फक्त एकदा मान वर केली. घरात मिस्त्रींचा शब्द अजून चालत होता. ते निवांत झोपले.

सकाळी निघताना त्यांना मोरीतून घासण्याचा आवाज आला. थोरली खाली बसून मोठं पातेलं घासत होती. सगळ्या घराचा भात एकदम शिजायचा ते. भिंत झाल्यापासून ते माळ्यावर पडलं होतं, त्याच्या बुडाला काळं धरलं होतं. माळ्यावरून तिनं ते एकटीनंच काढलं असावं, कारण केसांत जळमटं होती.

"आत्ताच कशाला काढलंस, सूनबाई?" मिस्त्री म्हणाले.

"लागणारच ना आता," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तक्रार तर तिनं कधी केलीच नव्हती. तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले, आणि मिस्त्रींना तिचा चेहरा दिसला. तो पूर्वीचाच चेहरा होता. इतकी वर्षं रोज समोर असलेला, थकलेला. त्यांना आजवर तो तिचा स्वभाव वाटत होता. ते तिथेच उभे राहिले.

"चहा टाकू का बाबा?" तिनं हात धुवायला घेतले.

"नको, नको. तू बस," ते म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

पाणी विभागाच्या खिडकीपुढे गल्लीच लोटली होती. शिंपी होता, दूधवाला होता, कोपऱ्यावरचा चष्मेवाला होता. लबाडी कबूल करायला लोक एवढ्या आनंदानं रांग लावतात, हे मिस्त्रींनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आमची वेगळी चूल म्हणजे माळ्यावरचा गंजका स्टोव्ह," शिंपी सांगत होता. "साहेब आला की खाली, साहेब गेला की वर! एकदा तर पेटवायला काडेपेटीच नव्हती. साहेबालाच मागितली!"

रांग हसली.

"आमच्याकडे नुसती चादर टांगली होती," दूधवाला म्हणाला. "भाऊ चादरीखालून हात घालून माझ्या ताटातलं पळवायचा."

पुन्हा हशा. "मिस्त्री, पण तुमच्यासारखं काम कोणाचं नाही बरं का," शिंप्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "दार काय, कडी काय! खोट्यालाही काय रुबाब!"

मिस्त्री हसल्यासारखं करून पुढे सरकले. खिडकीत एक तरुण मुलगी होती. सकाळपासून तेच तेच ऐकून तिचे डोळे जड झाले होते.

"आजोबा, तुमचंही देखाव्याचंच ना?" तिनं न बघताच विचारलं आणि हात पुढे केला.

नुसतं "हो" म्हणायचं होतं. घरी सगळे "बरं" म्हणाले होते. संध्याकाळपर्यंत भिंत निघाली असती, रात्री गादी इकडे आली असती, दिवसभराचं बोलायला शेजारी माणूस आलं असतं. मिस्त्रींना ते फार हवं होतं. मागे शिंपी अजून कोणाला तरी काडेपेटीची गोष्ट सांगत होता.

"नाही," ते म्हणाले. "आमचं खरं आहे."

मुलीनं आता वर पाहिलं. मागचं हसणं थांबलं.

"काय सांगता, मिस्त्री?" शिंपी हळूच म्हणाला. "कधी झालं? आम्हाला पत्ताच नाही."

"झालं सावकाशीनं," मिस्त्री म्हणाले. "सगळे सुखात आहेत."

"मग दोन्ही नळ चालू ठेवायचे?" मुलीनं विचारलं. "आकार दोन्हीचा लागेल."

"लागू दे."

"मग आजोबा, ही रांग तुमची नाही. आकार भरायची ती पलीकडची खिडकी."

शिंप्यानं बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली. पलीकडच्या खिडकीपुढे कोणीच नव्हतं. मिस्त्री जाऊन तिथे उभे राहिले.