ढब्बू, पुलापर्यंत ये!

खारूने बनवलेला सूर्य इतका गोड हसायचा की बघणाऱ्याच्या दाढा ठणकाव्यात.

मोबाईलच्या पडद्यावर तो सकाळी आठला डोंगराआडून वर यायचा, पापण्या फडफडवायचा आणि म्हणायचा, "आज तू चमकणार आहेस! चल, दहा मिनिटं चालू या!" माणूस चालला की सूर्याला आणखी एक किरण फुटायचा. नाही चालला तर ढगाआड जाऊन मुसमुसायचा. ही मुसमुसण्याची कल्पना खारूची स्वतःची, आणि तिच्यावर ती भलतीच खूश होती.

खारू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी घास गालात साठवून ठेवायची म्हणून पडलेलं, ते एकोणतीस वर्षांची झाली तरी चिकटलेलं. काम अ‍ॅपचे पडदे आखायचं: बटण कुठे, रंग कुठला, अक्षर केवढं. सध्या तिच्या पाचजणांच्या कंपनीकडे एका दवाखान्याचं काम आलं होतं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. मन खचलेल्या माणसाने थोडे हातपाय हलवले की बऱ्याच जणांना उतार पडतो, हे त्या रोज घसा कोरडा करून सांगत. माणसं मान डोलवत आणि घरी जाऊन पुन्हा आडवी होत.

"गोळ्या द्यायच्या तर मी देते," त्या म्हणाल्या होत्या, "पण यांना दाराबाहेर कसं काढायचं, ते तुम्ही बघा."

खारूला पहिलं गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागलं नाही. तिच्या घराच्या वरच्याच मजल्यावर तिचा मामा राहायचा, एकटा. बत्तीस वर्षं त्याने बस चालवली. गेल्या वर्षी निवृत्त झाला, पडदे ओढून कोचावर बसला तो बसलाच. दाढी वाढली, बोलणं आटलं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या सुरू होत्या, त्यांनी झोप परत आली होती. पण जाग आल्यावर करायचं काय, हा प्रश्न तसाच होता.

खारूने त्याच्या फोनवर सूर्य बसवून दिला. चार दिवसांनी वर जाऊन बघते तो फोन कोचाच्या गादीखाली, त्यावर उशी आणि उशीवर मामा.

"मामा, अरे तो गुदमरेल की!"

"गुदमरू दे," मामा म्हणाला. "सारखा रडतो मेला. मी इथे स्वतःचं रडणं आवरू का त्याचं?"

खारूचा चेहरा पडला. मामाला ते बघवेना. तो म्हणाला, "चित्र छान काढलंयस गं. पण तो मला ओळखत नाही. मी चमकणार म्हणे. आज मी दात घासले, खारू. दुपारी बाराला. आजचं मोठं काम तेवढंच. हे त्याला कुठे ठाऊक?"

खारू काही बोलणार, तेवढ्यात खालून आईची हाक आली. आईची हाक म्हणजे काय, ते सांगायला हवं. खारूच्या आईने सव्वीस वर्षं पोहण्याच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवलं होतं, आणि तिचा आवाज पाण्याखालीसुद्धा स्पष्ट ऐकू जायचा.

"ए ढब्बू! पाव संपलाय! कोपऱ्यापर्यंत जा आणि घेऊन ये!"

ढब्बू म्हणजे मामा. वय एकसष्ट. तो हुश्श करत उठला, बूट शोधले, एक कोचाखाली सापडला, एक कपाटावर, आणि जिना उतरून चालू लागला. खारू खिडकीतून बघतच राहिली. चार दिवस सूर्य ऊर फुटेस्तोवर ओरडत होता, तेव्हा हा जागचा हलला नव्हता. आणि आता पावासाठी, चक्क, कोपरा ओलांडून पुढच्या दुकानापर्यंत गेला!

ती ऑफिसात पोचली ती पळतच. "सूर्य मारायचा!" तिने दारातूनच जाहीर केलं.

भोवरा खुर्चीत गरगर फिरत होता. तो अ‍ॅपचा कोड लिहायचा आणि विचार करताना खुर्चीसकट फिरायचा, म्हणून भोवरा. "मारायचा? त्याच्या पापण्यांवर मी तीन आठवडे घालवलेत!"

"अनोळखी आवाज नकोच. ज्याला जो जवळचा, त्याचाच आवाज. बहिणीचा, मित्राचा, शेजाऱ्याचा. आपण फक्त तो वेळेवर पोचवायचा."

भोवऱ्याने दोन गिरक्या घेतल्या, थांबला आणि म्हणाला, "झकास आहे. पण पापण्यांचं मला वाईट वाटतंय, हे लिहून ठेव."

डॉक्टरीणबाईंना कल्पना पटली, पण त्यांनी बजावलं. "लाज वाटेल असं काही नको. पाऊल छोटं हवं. आणि नाही जमलं तरी चालेल, असा दरवाजा उघडा ठेवा. ज्याचं मन थकलंय त्याला हरल्यासारखं वाटता कामा नये."

मग आईचा आवाज टिपायचा कार्यक्रम झाला. स्वयंपाकघरात, दारं लावून. पहिल्या खेपेला आईने अशी आरोळी ठोकली की फोन टेबलावरून सरकला. दुसऱ्या खेपेला ती इतकी हळुवार बोलली की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणीतरी गेलंय. तिसऱ्या खेपेला तिला हसू फुटलं, चौथ्याला खारूला. पाचव्याला खालच्या मजल्यावरचे काका सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारायला आले. सहाव्या खेपेला मात्र आईने खारूकडे पाठ केली, छताकडे, म्हणजे मामाच्या खोलीकडे बघितलं आणि एका दमात म्हणाली:

"ए ढब्बू! ऊठ. बूट घाल. कालव्यावरच्या पुलापर्यंत ये, मी आहे तिथे. नाही जमलं तर निदान खिडकी उघड. पण ये रे. बघते वाट."

हा निरोप गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचला मामाच्या फोनवर वाजायचा होता. एकट्या मामाच्या. दवाखान्याने चाचणीसाठी जी एकशे त्रेसष्ट माणसं दिली होती, त्यांची पाळी पुढच्या महिन्यात. त्यांचं अ‍ॅप फोनवर नुसतं बसवून ठेवलेलं. भोवऱ्याने यादी उघडली, मामाच्या नावापुढे खूण केली आणि समाधानाने एक गिरकी घेतली. त्या गिरकीत त्याचं कोपर कळफलकाला लागलं, आणि यादीच्या माथ्यावरच्या 'सगळे' या चौकोनातही खूण उमटली. ती कुणीच बघितली नाही.

सव्वापाच वाजले. खारूच्या फोनमधून आई कडाडली, "ए ढब्बू! ऊठ!" भोवऱ्याच्या खिशातून कडाडली. हिशेबनीस बाईंच्या पर्समधून, साहेबांच्या बंद केबिनमधून, सगळीकडून आई, एकाच सुरात. हिशेबनीस बाई तर खरंच उठून उभ्या राहिल्या.

खारू भोवऱ्याच्या खुर्चीकडे धावली. "भोवऱ्या. कुणाकुणाला गेला हा?"

भोवऱ्याने पडद्याकडे बघितलं आणि त्याची खुर्ची थांबली. "सगळ्यांना," तो म्हणाला. "एकशे त्रेसष्ट. शिवाय आपण."

खारूने तिथल्या तिथे माफीचा निरोप लिहून सगळ्यांना पाठवला: चूक आमची, हाक तुमच्यासाठी नव्हती, कृपया घाबरू नका. पण उत्तरं आधीच येऊ लागली होती. 'ढब्बू कोण?' 'मी बूट घातलेत, पुढे काय?' 'माझी आईसुद्धा असंच ओरडायची हो.' 'निघालोय. दहा मिनिटांत पोचतो.'

"निघालोय?" खारू किंचाळली. "कुठे निघालाय हा?"

शहरात कालवा एकच, आणि त्यावर पायी जायचा पूलही एकच. खारूने बॅगसुद्धा घेतली नाही. जिने उतरली, रस्ता ओलांडला आणि धावत सुटली. शाळा सुटल्यापासून ती धावली नव्हती. दुसऱ्यांना व्यायाम करायला लावण्याच्या नादात आठ महिने ती खुर्चीतून हलली नव्हती, हे तिला औषधाच्या दुकानापाशी, बरगडीत कळ आल्यावर, उमगलं. मागून भोवरा धापा टाकत येत होता. "मी... सरळ रेषेत... कधी पळालोच नाही गं!"

पुलावर आई उभी होती. जांभळा स्वेटर, हातात पिशवी.

"आई! तू इथे काय करतेस?"

"म्हणजे काय? मी आहे तिथे, असं मीच म्हटलंय ना? मग असायला नको?" आई म्हणाली. "पण काय गं, तुझा मामा कुठाय? आणि ही माणसं कोण? सगळी मला बघून हसतायत."

माणसं खरंच होती. डोक्याला अर्धा रंग लावलेली एक बाई, अंगावर केशकर्तनालयाचा झगा. एक पोस्टमन, सायकल हातात. हाताला पीठ लागलेली बेकरीतली मुलगी. हात धरून आलेलं म्हातारं जोडपं. चाळीस-पन्नास माणसं पुलाच्या दोन्ही टोकांनी दबकत येत होती, एकमेकांना निरखत होती.

"माफ करा," पोस्टमनने झग्यातल्या बाईला विचारलं, "ढब्बू आपणच का?"

"छे हो. मला वाटलं तुम्ही."

"मी सकाळपासून कुणाशीच बोललो नव्हतो," पोस्टमन म्हणाला. "आणि आता पहिलं काय विचारलं, तर हे!" तो हसायला लागला. बाईने तोंडावर हात दाबला, पण हसू नाकातून फुटलं. म्हाताऱ्यांना वाटलं त्यांनाच हसताहेत, म्हणून तेही हसले. बघता बघता हसण्याची लागण पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बेकरीतली मुलगी कठडा धरून खाली बसली, तिला उभं राहवेना. कशाला हसतोय, हे निम्म्यांना माहीतच नव्हतं.

खारू मात्र हात जोडत गर्दीतून फिरत होती. "चूक आमची आहे हो, मनापासून माफी मागते..." कुणी ऐकत नव्हतं.

आणि मग मामा आला. दाढी तशीच, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, डोळे उजेडाने बारीक झालेले. पुलाच्या तोंडाशी तो थबकला. एवढी माणसं बघून तो परत फिरणार, असं खारूला वाटलं. मामाने सगळा पूल डावीकडून उजवीकडे न्याहाळला. कपाळाला आठ्या पडल्या. मग बत्तीस वर्षांची सवय त्याच्या गळ्यातून आपोआप बाहेर आली.

"दारात गर्दी करू नका! पुढे सरका, पुढे! मागे भरपूर जागा आहे!"

आणि पन्नास माणसं मुकाट्याने पुढे सरकली.

"ढब्बू!" आई ओरडली.

"आलोय ना!" मामा ओरडला. "ही मंडळी कुठे जायची?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मामाला बिनमुक्कामाची गाडी सहन होण्यासारखी नव्हती. त्याने कालव्याकाठच्या वाटेकडे बोट दाखवलं. "पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. मध्ये एक थांबा, बाकापाशी. ज्याला दमल्यासारखं होईल त्याने तिथे उतरायचं, येताना घेऊ. आजोबा, तुम्ही पुढे या, वेग तुमचा. सायकल डावीकडून."

निघाली वरात. पुढे म्हातारं जोडपं, शेजारी मामा, मागे पन्नास ढब्बू. बाकापाशी मामाने खरोखरच थांबवलं आणि "कुणी उतरतंय?" विचारलं. पोस्टमन म्हणाला, "पुढे हाणा!" झग्यातल्या बाईचा रंग वाळून केस ताठ उभे राहिले होते आणि ती ते प्रत्येकाला हात लावून बघायला देत होती. आई मागून माणसं मोजत होती, तलावावर मोजायची तशीच, आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता. परतताना मामा हसला. मोठ्याने नाही, पण खारूने बघितलं, आणि मग तिला चालता चालता उगीचच उड्या माराव्याशा वाटल्या. तिने मारल्या. भोवऱ्यानेही मारल्या, गिरकीसकट.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना दवाखान्यात बोलावून फैलावर घेतलं. दोघंजण घाबरले होते, एकीने तक्रार लिहिली होती. असा निरोप कुणाला कुठल्या अवस्थेत गाठेल, याचा विचार आधी करायचा असतो, असं त्यांनी सुनावलं. खारूने तिघांनाही स्वतः फोन केला, पुन्हा माफी मागितली. 'सगळे' हा चौकोन भोवऱ्याने कायमचा काढून टाकला. हे सगळं बोलून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "एक माणूस गेले पाच महिने घराबाहेर पडला नव्हता," त्या म्हणाल्या. "तो काल पुलावर होता. आज मला विचारतोय, पुढची फेरी कधी."

मामा काही एका रात्रीत ठणठणीत झाला नाही. शनिवारी तो उठलाच नाही. पडदेही उघडले नाहीत. रविवारी पुन्हा कालव्यावर आला, दाढी करून, आणि बाकावर बसून बेकरीतल्या मुलीला गिअर कसे बदलतात ते सांगत बसला.

पण खारूला नवीन अ‍ॅप सुचलं ते त्या गुरुवारीच, टाकीवरून परतताना. आईने निरोपात 'मी आहे तिथे' म्हटलं म्हणून तिला खरंच तिथे यावं लागलं होतं, तसंच करायचं. ज्याने हाक टिपली, तो जागेवर पोचल्याशिवाय हाक जायचीच नाही. कागद जवळ नव्हता. तिने पोस्टमनकडून पेन मागून घेतलं, रस्त्याच्या कडेला फतकल मारली आणि डाव्या तळहातावर पडदा आखायला घेतला: इथे नकाशा, इथे वाट बघणाऱ्याचा चेहरा, इथे 'आज नको' असं मोठं, निवांत बटण. तळहात पुरला नाही, तेव्हा मनगटावर चढली. भोवऱ्याने पुढचे दोन दिवस तिला हात धुऊ दिला नाही.