कलम सातचं टेबल

लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद: ‘तपासली. सुस्थितीत.’ खाली सही. सही करणारा त्या दिवशी मेहुण्याच्या लग्नात.

रुग्णालयातली परिचारिका पाच मजले जिन्यानं चढते. गुडघे कुरकुरतात.

रिकामा हॉल. एक टेबल, एक पंखा, एक बाई.

कलम सात: तक्रारदार कर्मचाऱ्याची जागा व काम बदलता येणार नाही.

आता हे जोडू. बाई लिफ्ट-निरीक्षक. दोराची जाडी मोजल्याशिवाय सही करत नाही, म्हणून कचेरीत तिचं नाव मोजपट्टी. परिचारिका तिची नणंद. बाकीचे निरीक्षक खुर्चीतून न उठता दाखले देतात, अशी तक्रार मोजपट्टीनं थेट वर केली. वरून कलम सातचं संरक्षण आलं, आणि ते फारच पक्कं निघालं.

तक्रार नोंदली त्या दिवशी कारकून आजारी होता, म्हणून आवक रजिस्टर ती लिहीत होती. तेच तिचं काम ठरलं. लिफ्ट तपासायला पाठवणं म्हणजे काम बदलणं, म्हणजे छळ. साहेबांना छळ अजिबात खपत नसे. महिन्याभरात कचेरी नव्या इमारतीत गेली. तिला अर्थातच नेता आलं नाही. टपालही नव्या पत्त्यावर जाऊ लागलं. ती रोज तारीख घालून ‘निरंक’ लिही.

नणंदेनं एकदा फोनवर विचारलं, “वहिनी, तुझा कायदा माझ्या लिफ्टपर्यंत कधी पोचायचा गं? रोज स्ट्रेचर जातात त्यातून.”

मोजपट्टीनं अर्ज केला: माझं संरक्षण काढून घ्यावं, मला छळ चालेल.

साहेब कळवळले. “बाई, अहो, कायदा तुमच्या बाजूचा. तुम्हीच त्याच्या विरोधात गेलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?”

मग तिनं एक दिवस रजा टाकली, भेटीच्या वेळेत रुग्णालयात गेली, लिफ्ट बंद करून कुलूप ठोकलं आणि चावी पर्समध्ये टाकली. रजेच्या दिवशी संरक्षण लागू नव्हतं. संध्याकाळच्या आत निलंबन हातात. गुन्ह्याचा पुरावा म्हणून लिफ्टला सील लागलं. चौकशी संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मागच्या बाजूची, फक्त मोठ्या डॉक्टरांसाठी राखलेली नवी लिफ्ट रुग्णांना उघडावी लागली. अशी चौकशी किती वर्षं चालते, हे आवक रजिस्टर लिहिणारीला पाठ होतं.

नणंद म्हणाली, “नोकरी घालवलीस की.” आणि तिच्यासाठी चहा टाकला.

तक्रारीच्या आदल्या दिवशी मोजपट्टीनं त्या लिफ्टचे सहा दोर मोजले होते. दोन निम्म्यावर आले होते.