बरणीमागची काळी रेघ

"अरे, किती वेळ धरून बसशील? पाणीच आहे ते, दारू नाही!" कुंपणापलीकडून बिर्येर ओरडला.

तूरेने बरणी डोळ्यांच्या आणखी जवळ आणली. कालव्याच्या बांधाच्या पायथ्याशी एक झरा वर्षानुवर्षं ठिबकत असे. गावात त्याला 'म्हातारीचं नाक' म्हणत. त्याचं पाणी तूरेने मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत धरलं होतं आणि बरणीमागे एक पांढरा पुठ्ठा धरला होता. पुठ्ठ्यावर एक काळी रेघ होती. बरणीतून ती ठळक दिसली तर पाणी नुसतं झिरपतंय, काळजी नाही. धुरकट दिसली तर पाणी येताना माती घेऊन येतंय, म्हणजे बांध आतून पोखरतोय. एवढंच शास्त्र. तूरे आल्मग्रेनने एकतीस वर्षं हुल्टबोचा कालवा या एका रेघेवर सांभाळला होता.

आज रेघ धुरकट होती. त्याने बरणी बाजूला केली, तरी रेघ धुरकटच. म्हणजे धुकं डोळ्यांत होतं, पाण्यात नव्हतं. डोळ्यांतलं धुकं त्याने मनातल्या मनात वजा केलं आणि कागदावर लिहिलं : पाणी स्वच्छ. ही वजाबाकी तो कालव्यात पाणी सोडल्यापासून, म्हणजे जवळजवळ महिनाभर रोज करत होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, असं डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच सांगितलं होतं. शस्त्रक्रियेची तारीख सप्टेंबरची मिळाली होती आणि तोवर सायकल बंद, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र चमच्यांच्या खणात होतं. तूरेला फक्त हा एक उन्हाळा काढायचा होता. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दारापासून लाँगशॉन तळ्यापर्यंत बांधावरून अठरा किलोमीटर बारीक खडीची वाट, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली शेतं, आणि मोटारीला सक्त मनाई. ती वाट डोळे मिटूनही कापेन, असं तो म्हणायचा, आणि आता जवळपास तसंच करत होता. सायकल सुटली की माणूस घरात बसतो. घरात त्याची बायको एब्बा नव्हती. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हापासून त्या घरात बसणं त्याच्या जिवावर यायचं.

कागद दाराजवळच्या फळ्यावर लावायला तो गेला तेव्हा दार सांभाळणारी सिव खांबाला रंग देत होती.

"तूरे, मघाशी माझा डबा उडवला असतास."

"वाटेत ठेवतेस कशाला?"

"वाटेत? लाल रंगाचा डबा आहे, आगगाडीच्या ड्रायव्हरलाही दिसेल!" ती हसली, मग हसायची थांबली. "बरा आहेस ना?"

"वारा होता," तो म्हणाला. वारा नव्हता.

शनिवारी गावाची सायकलस्वारी होती. कालवा भरला की मेमधल्या एका शनिवारी सगळं हुल्टबो सायकली काढतं. आज्या, तान्ही पोरं सायकलीमागच्या छोट्या गाडीत, पाद्रीणबाईसुद्धा. तळ्यावर जायचं, धुरावलेला मासा आणि बटाटे खायचे, परत यायचं. एकच रीत होती : फळ्यावर तूरेचा कागद लागल्याखेरीज चाक हलायचं नाही. तूरेने शुक्रवारी संध्याकाळीच कागद लावला.

शनिवारी सकाळी तो एकटाच सायकलवरून वाटेने निघाला. खडीचा कुरकुर आवाज त्याला श्वासासारखा सवयीचा होता. बिर्येरच्या घराच्या वरच्या अंगाला असलेल्या वळणावर तो आवाज एकदम बंद झाला. चाक मऊ कशावरून तरी गेल्यासारखं वाटलं, मग पुन्हा कुरकुर सुरू. तूरे उतरला. टाचेने जमीन दाबली तर ती दबली. त्या पट्ट्यात बदकांचाही आवाज नव्हता. बर्फ यंदा उशिरा वितळलाय, ओल असणारच, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि सांगताना आपण कुणाची तरी समजूत घालतोय हे त्याला कळत होतं.

खाली बिर्येरने कॉफी उकळत ठेवली होती. बिर्येर शाळेतला सोबती, जन्म त्याच घरात गेलेला. त्याच्या कॉफीत भुकटीचा गाळ तळाला असायचाच. उकळलेली कॉफी गाळणाऱ्याला तो शहरी म्हणायचा. तूरेने घोट घेतला आणि तो थांबला. भुकटी मऊ असते. हे दाताखाली कचकचत होतं.

"बिर्येर, यात वाळू आहे."

"पाणीच तसं येतंय. पंपातून, सोमवारपासून. दुधासारखं."

"सोमवारपासून? आणि तू मला बोलला नाहीस?"

"काय बोलू? तू रोज समोर उभा राहून लिहितोयस, पाणी स्वच्छ. मला वाटलं माझाच पंप गंजला. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं का?"

तूरे तसाच उठला. कुंपण ओलांडून त्याने झऱ्याखाली ओंजळ धरली आणि पाणी तोंडात घेतलं. दाताखाली तीच कचकच. झरा आता ठिबकत नव्हता, वाहत होता, मनगटाएवढा जाड. एवढं त्याच्या हातालाही कळलं. डोळ्यांतलं म्हणून महिनाभर जे तो वजा करत आला होता, त्यात सोमवारपासून पाण्यातला गढूळपणाही होता.

त्याने सिवला फोन लावला. "वरचं दार बंद कर. खालची सगळी उघड. पाणी सोडून दे."

"डोकं फिरलं का? बोटी चिखलात बसतील! आणि लोक निघाले, दहा मिनिटं झाली. तुझा कागद—"

"कागद खोटा आहे, सिव. सोड पाणी."

तिने फोन तसाच खाली ठेवला. मग साखळ्यांचा खडखडाट ऐकू आला.

"बिर्येर, घराबाहेर पड! पलीकडच्या रस्त्यावर जा, आत्ताच्या आत्ता!" असं ओरडून तो हातापायांवर बांध चढला. वळणाच्या अलीकडे त्याने सायकल वाटेवर आडवी टाकली आणि तिच्यापुढे उभा राहिला. दुरून घंट्या ऐकू येत होत्या, हसणं, कुणीतरी गाणं म्हणत होतं. रंगांचे ठिपके जवळ आले. पुढे रोलांड बेकरीवाला होता. दालचिनीच्या वासावरून तूरेने त्याला ओळखलं.

"बाजूला हो रे, पाव थंड होतील!"

"मागे फिरा. बांध जातोय."

"बांध? काल तूच लिहिलंस ना, स्वच्छ!"

रोलांडच्या मागे किती माणसं थांबली आहेत, हे तूरेला दिसत नव्हतं. घंट्यांवरून दोनशे तरी असतील.

"मला दिसत नाही, रोलांड," तो मोठ्याने म्हणाला. "मार्चपासून दिसत नाही. मी तसाच लिहीत होतो."

एक मूल "काय झालं?" म्हणून विचारत राहिलं, त्याच्या आईने त्याला गप्प केलं. मग रोलांडने सायकल उचलून फिरवली, आणि त्याच्यामागे एकेक करत सगळ्यांनी. शेवटचं चाक वाजेनासं होईपर्यंत तूरे हलला नाही.

अकरा वाजून गेल्यावर बांध फुटला. मोठा आवाज झालाच नाही. ओलं गोणपाट ओढल्यासारखं काहीतरी, आणि मग बराच वेळ पाणी. पलीकडच्या रस्त्यावर बिर्येर घरातल्या सपाता घालून उभा होता, हातात कॉफीचं भांडं. तूरे त्याच्याजवळ येऊन थांबला. समोर त्याला नुसतं करडं हलताना दिसत होतं.

"काय गेलं?" त्याने विचारलं.

"सफरचंदाची झाडं," बिर्येर म्हणाला. थोड्या वेळाने, "पंप." त्याने भांडं खाली ठेवलं. "आता स्वयंपाकघर."

त्यानंतर तो तूरेशी तीन दिवस बोलला नाही. बहिणीच्या घरी राहिला. तूरेला राग यायचं कारणच नव्हतं. स्वतःची लाज मात्र इतकी वाटत होती की त्याला अन्न जाईना.

मंगळवारी तो कालव्याच्या किल्ल्या परत द्यायला दाराशी चालत गेला. कालवा रिकामा होता, तळच्या चिखलाला वास येत होता. फळ्यावर हंगाम सुरू झाल्यापासूनचे सगळे कागद एकाखाली एक टोचलेले होते, सत्तावीस. चौकशीला आलेल्यांनी ते तसेच ठेवायला सांगितले होते.

"मला त्यावर लिहायचंय," तूरे सिवला म्हणाला. "फाडणार नाही."

सिवने त्याला स्टूल आणून दिलं. त्याने पेन काढलं, नाक कागदाला टेकेस्तोवर वाकला, पण शब्द सापडेना. पेन कागदावर फिरत राहिलं.

मागे खडीवर पावलं वाजली. त्या सपाता त्याने ओळखल्या. बिर्येर शेजारी येऊन उभा राहिला. मग त्याने तूरेचं बोट धरलं आणि 'स्वच्छ' या शब्दावर नेऊन ठेवलं.

तूरेने शब्द खोडला. शेजारी लिहिलं : दिसलं नाही.

"वाकडं आलंय," बिर्येर म्हणाला.

"वाचता येतंय ना?"

"येतंय."

"मग पुढचा दाखव," तूरे म्हणाला, आणि बिर्येरने त्याचं बोट पुढच्या कागदावर नेलं.