चौथ्या दिवशी मोकळं झालेलं पोट

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. चंदन उगाळायची, देवघरातली नव्हे. बाळाची गुटी उगाळायची, स्वयंपाकघरातली. तळहाताएवढी, काळ्या दगडाची, मधोमध थोडी खोलगट. ही खोली मला पाथरवटाच्या टाकीने दिलेली नाही. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड यांनी माझ्या अंगावर गोल गोल फिरून ती तीस वर्षांत पाडली. दुधाच्या थेंबात औषध एकदा गोल फिरवलं की त्याला एक वेढा म्हणतात. असे किती वेढे मी सोसले ते मलाही ठाऊक नाही.

पुंजा पाथरवटाने मला घडवलं. पाटे-वरवंटे करून उरलेल्या तुकड्यांतून तो सहाणा काढायचा आणि बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी, गोणपाटावर मांडायचा. तिथून मखमलाबादच्या अंबूबाईने मला उचललं. तिचा पहिला मुलगा तेव्हा महिन्याचा होता. तिने मला नखाने खरवडून पाहिलं आणि विचारलं, "चुरा नाय ना निघत? लेकराच्या पोटात जाईन." तिचा तो प्रश्न मला फार आवडला. आपण शहाण्या बाईच्या घरी चाललो आहोत असं वाटलं.

ती शहाणीच होती. शेवंतीच्या फुलांचे भारे बांधून पहाटे बाजारात पाठवायचे, मग पोरांच्या अंघोळी, मग गुटी. हात स्वच्छ धुवायची, मला उकळत्या पाण्यातून काढायची. तिची पाचही मुलं माझ्यावर उगाळलेली गुटी चाटून वाढली. मग शेजारच्या बायका येऊ लागल्या. कुणाचं बाळ कुंथतंय, कुणाच्या बाळाचं पोट दुखतंय. अंबूबाई हिरड्याचे दोन वेढे द्यायची आणि संध्याकाळी निरोप यायचा, झालं हो पोट साफ! "अंबूबाईच्या सहाणेला गुण हाय," असं सगळी गल्ली म्हणायची. मीही ते ऐकून ऐकून खरं मानू लागले. मित्रांनो, कौतुकाची सवय दगडालासुद्धा लागते.

शहाण्णव साली थंडीत अंबूबाईची धाकटी लेक, ललिता, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती बी.एस्सी. झालेली. नवरा वाल्मीक सातपूरच्या एका कंपनीत, शिफ्टमध्ये कामाला. मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातून घरी सोडलं. ललिताला टाके दुखत होते, अंगात ताप होता, ती नुसती पडून होती. बाळाचं सगळं अंबूबाई पाहत होती.

चौथ्या दिवशी बाळाचं पोट टणक झालं. अंबूबाईने माझ्यावर हिरड्याचा एक वेढा दिला. मग विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी लावला. आणि काय सांगू, काळी चिकट शी भडाभडा आली, वाऱ्यासकट. तिची साडी भरली, तरी ती हसत होती. "माझ्या सहाणेचा गुण गेला नाय अजून!" म्हणाली. ललिता तापात झोपली होती. तिने यातलं काही पाहिलं नाही.

पाचवी पुजली, बारसं झालं, नाव स्वराज ठेवलं. ललिता उठून बसू लागली आणि तिने एक वही केली. बाळ किती वाजता प्यालं, शू किती वेळा, शी कधी. अंबूबाईला हसू यायचं.

"आमी पाच पोरं वाढवली, कोणाच्या शीची वही नाय केली."

वाल्मीक रविवारी यायचा, तो म्हणायचा, "आई, आमच्या कंपनीत पण एवढं रजिस्टर ठेवत नाहीत. साहेबांनी पाहिलं तर हिला प्रमोशन देतील."

ललिताही हसायची, पण लिहायचं थांबवायची नाही. चार दिवस, पाच दिवस बाळाला शी व्हायची नाही. पोट फुगायचं. मग हिरडा, मग देठ, मग भडाभडा. पुन्हा चार दिवस काही नाही. वहीत एका पानावर तिने लिहून खाली रेघ मारली होती. ती रेघ मारताना तिने ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं, "स्वतःहून एकदाही नाही."

पाचव्या आठवड्यात ती बाळाला डॉक्टरांकडे घेऊन गेली. येऊन आईला म्हणाली, "त्यांनी प्रसूतिगृहाची फाइल पाहिली. पहिल्या दिवसापासून शी-शू होते, असं लिहिलंय त्यात. अंगावर पिणाऱ्या बाळाला आठ-आठ दिवस नाही झाली तरी चालतं म्हणाले."

"मंग! मी काय सांगत व्हते?" अंबूबाई म्हणाली. "आन् देठाचं सांगितलं का त्यांला?"

ललिताने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "नाही सांगितलं. गुटीचं नाव काढलं की ते रागावतात. मला म्हणतील, शिकलेली असून असलं काय करता."

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, माझ्या नावाला बोल लागला नाही म्हणून बरंच वाटलं.

दोन वेढ्यांचे चार झाले, चारांचे सात. बाळाच्या दंडावरचं मांस उतरत होतं आणि पोट मात्र मोठं होत होतं. कातडी ताणून चकाकायला लागली. हिरड्याच्या प्रत्येक वेढ्याला मला वाटायचं, होईल, आज होईल. मी तेवढंच करू शकत होते.

सातव्या आठवड्यात एका सकाळी बाळाने प्यायचं सोडलं. मग उलटी केली. ती हिरवी होती, मेथीच्या रसासारखी. अंबूबाईने मला ओढून घेतलं.

"पित्त पडलं. चांगलं झालं. नऊ वेढे देते, मंग देठ लावू."

"आई, नको."

"अगं थांब जरा, एकदा मोकळं झालं का..."

"नको म्हणते ना मी!" ललिता ओरडली. त्या घरात मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. तिने बाळाला शालीत गुंडाळलं आणि चपला न घालताच रिक्षा पाहायला धावली. अंबूबाई मागोमाग निघाली. निघताना तिने मला पुसून गुटीच्या पुरचुंडीसोबत पिशवीत टाकलं. बाळाबरोबर बाहेर जाताना गुटी न्यायची, ही तिची रीतच होती. म्हणून पुढचं मी ऐकलं.

डॉक्टरांनी पोटावर बोटं वाजवली. ढोलकीसारखा आवाज आला. त्यांनी विचारलं, "पहिली काळी शी कधी झाली होती?"

"फाइलमध्ये आहे ना, पहिल्याच दिवशी," ललिता म्हणाली.

"कुठली पहिल्या दिशी!" अंबूबाई पुढे झाली. "चार दिस नाय झाली. पोट दगडावानी. चौथ्या दिशी मी हिरडा उगाळला, पानाचा देठ लावला, तवा मोकळं झालं लेकरू. ही बघा, माझी सहाण." आणि तिने मला पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मित्रांनो, आजवर मला पाहून लोकांच्या चेहऱ्यावर आशा आलेली मी पाहिली होती. तो चेहरा मात्र तसा नव्हता.

"आजी, मग सिस्टरना शी झाली असं कुणी सांगितलं?"

"मी नाय सांगितलं. ती सोडायच्या दिशी आली, म्हणली, बाळ दोन्ही करतं ना? मी म्हणलं, करतं की, दोन्हीकडचं पितं. मला वाटलं, छातीचं इचारती. ती लिवून घेऊन गेली."

सिस्टरने विचारलं होतं ते शी आणि शूचं. ललिता आईकडे पाहत राहिली.

मग डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच नसा नसतात. तिथून शी पुढे सरकत नाही, मागे साठत राहते. देठ लावला की तेवढ्यापुरती वाट होते आणि घरच्यांना वाटतं पोट साफ झालं. काळी शी पहिल्या दिवसात व्हायला हवी. दोन दिवसांतही झाली नाही तर लगेच तपासायचं असतं. लवकर कळलं तर ऑपरेशन करता येतं. "आता आतड्याला सूज आलीय आणि जंतुसंसर्ग अंगात पसरतोय. मी चिठ्ठी देतो, मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता."

"मी तुम्हाला देठाचं सांगितलं नव्हतं," ललिता म्हणाली. "स्वतःहून होत नाही, हे वहीत लिहिलं होतं मी. पण देठ लावतो, ते नाही सांगितलं."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. दरवाजा उघडायला मात्र ते स्वतः उठले.

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. वाल्मीक कंपनीच्या कपड्यांतच आला होता, तो रक्ताच्या बाटलीसाठी धावला. अंबूबाई बाकावर बसून होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत मी. तीन दिवस तिने पिशवी खाली ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उघडली आणि माझ्या अंगावर एक दुपटं येऊन पडलं. कोरडं, स्वच्छ, घडी केलेलं. तेव्हा मला कळलं, स्वराज राहिला नाही.

घरी आल्यावर अंबूबाईने गुटीची पुरचुंडी उकिरड्यात टाकली. मला टाकायला उचललं, पण हात पुढे गेला नाही. फडताळाच्या तळाशी, फुटक्या बरणीमागे तिने मला सरकवलं. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळं केलं. मायलेकी एकमेकींशी लागेल तेवढंच बोलत. "भाकरी खाल्ली का?" "खाल्ली." एवढंच. दोष कुणी कुणाला दिला नाही, आणि तेच त्या घरात सगळ्यात जड होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीला ललिता माहेरी आली होती. तेव्हा शेजारची कुसाबाई आपल्या सुनेला, रूपालीला, घेऊन आली. रूपालीच्या हातात पाच दिवसांचं बाळ.

"अंबूबाई, कालपासून कुंथतंय गं. एक वेढा दे ना हिरड्याचा."

अंबूबाई पदराचं टोक पिळत उभी राहिली. ललिता उठली.

"काळी शी कधी झाली होती याला?"

"झाली असंल की दवाखान्यात."

"असंल नको, मावशी. तुमच्या डोळ्यांनी पाहिली का? रूपाली, तू पाहिलीस?"

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. ललिताने पायात चपला सरकवल्या आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. दोन तासांनी कुसाबाई कुरकुरत परत आली.

"काय नाय निघालं. नुसता वारा धरला व्हता. सिस्टरनं पहिल्याच दिशी शी पुसली व्हती म्हणं. फुकट हेलपाटा झाला बाई."

"फुकट जाऊ दे, मावशी," ललिता म्हणाली. "असा हेलपाटा फुकटच जाऊ दे." आणि वर्षभरात पहिल्यांदा ती आईच्या कुशीत शिरून रडली. अंबूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या बांगड्यांचा आवाज मला बरणीमागून ऐकू येत होता.

मित्रांनो, कपाळ दुखलं तर माझ्यावर सुंठ उगाळा, मी आनंदाने झिजेन. पण बाळ जन्मलं की काळी शी कधी झाली ते घरातल्या एकाने तरी स्वतः पाहा आणि लक्षात ठेवा. पोट फुगलं, उलटी हिरवी झाली, तर मला शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा. आणि तिथे गुटी, देठ, जे काही केलं असेल ते सगळं सांगा. डॉक्टर रागावतील. रागावू द्या.