बरडावर उगवलेली देवी

हिंगणीजवळच्या ज्या बरडावरून शेळीसुद्धा उपाशी परतायची, तिथं आज माणूस मावत नव्हता. झाडासाठी खणलेल्या खड्ड्यातून देवी वर येत होती! परवा नुसतं कपाळ, काल डोळे, आज नाक.

"पाणी घाला!" भभूतबाबा ओरडला. "जितकं पाणी, तितकी आई वर!"

बाया डोक्यावरून आणलेले पाण्याचे गुंडावर गुंड रिते करत होत्या. पाणी आणलं होतं रोपांसाठी. वनमहोत्सवात गावानं इथं करंज, कडुनिंब लावले होते. पळसाच्या द्रोणांत ती रोपं वाढवली धुरपतानं, आणि तीच बाई आता देवीजवळ राखेच्या रिंगणात बसली होती.

"हिच्या कुदळीनं आईचं कपाळ फुटलं," बाबानं निवाडा दिला होता. "मंगळवारी सारी झाडं उपटा, इथं मंदिर बांधा. तवरक ही रिंगणात. पाय बाहेर पडला, त हिच्या पोरीच्या पोटातलं लेकरू गेलं समजा!"

बाबावर धुरपताचा काडीचा विश्वास नव्हता. पण तिच्या गुलाबला सातवा महिना होता. खोट्याला माणूस हसतो. त्याच खोट्यात लेकीचं नाव आलं की पाय उचलत नाही. फुंकरीनं उडेल एवढी ती राख, पण धुरपताला कोटाच्या भिंतीसारखी वाटत होती.

"बसून राह्य व माय," रुख्माबाई गुंड उपडा करत म्हणाली. "झाडापायी नातू घालवतं काय?"

"झाडं गेली त नातवानं काय ह्या बरडावर गोटे चारावे बकरीले?"

तोंडानं बोलली, पण हलली नाही. बसल्या बसल्या नजर देवीच्या बुडाशी गेली. माती फुगून तडकली होती. फटीतून वाकडी मान काढून एक कोंब वर आला होता.

ह्या बरडावर? पेरल्याशिवाय?

कोंब तिच्या ओळखीचा होता. तिचा हात पुढे झाला, राखेशी थांबला, थरथरला. मग डोळे मिटून तिनं तो राखेपलीकडे घातला आणि माती उकरली. हाताला फुगलेला चना लागला. एक, मग मूठभर.

"रिंगण मोडलं!" बाबा किंचाळला. "मेलं लेकरू!"

"मेलं कसं?" धापा टाकत टेकडी चढून आलेली गुलाब गर्दीतून ओरडली. "लाथा मारून राह्यलं ना मले!"

लोक हसले, आणि त्या हसण्यात शाळेच्या बंडूजी गुरुजींनी पहार घालून मूर्ती उलथली. खाली पोतंभर चने.

"पाणी पडलं की चना फुगते," गुरुजी म्हणाले. "खाली अन् बाजूले जागा नाई, म्हणून वरच्या गोट्याले ढकलते. रातच्याला पुरून ठेवले ह्यानं."

"बाप्पा!" रुख्माबाईनं कपाळावर हात मारला. "तीन दिस मान मोडून म्या चने भिजवले!"

"हा त आईचा प्रसाद..." बाबा पुटपुटला.

"मंग खाय ना कच्चे!"

बाबा पळाला, झाडं राहिली. धुरपता मात्र लेकीच्या पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ उभी होती. पुढे गुलाबला धडधाकट लेकरू होईपर्यंत तिला नीट झोप लागली नाही.

बायांनो, बाप्यांनो, भीती अशी लगेच जात नाही. जात नसेल तर न जावो. पण कुणी चमत्कार दाखवला, की नमस्काराआधी त्याच्याखालची माती उकरून बघा. खऱ्याला उकरण्याचं भय नसतं. हात थरथरला तरी चालेल, पण तो पुढे करा.