नाइटिंगेलची जागा

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या सभेत वाचायची कविता या वर्षी थर्झा होलकोंबने लिहावी असं गावाने ठरवलं, आणि तिने पहिल्याच कडव्यात नाइटिंगेल हा गाणारा पक्षी बसवला. दरवर्षीच्या कवितेत तो असायचाच. इंग्लंडहून येणाऱ्या पुस्तकांतून तो उडत यायचा. मॅसॅच्युसेट्सच्या झाडावर मात्र कधी बसला नव्हता.

धाकटा भाऊ जेबेझ कुरणाच्या कडेला गवत कापायचं पातं परजत होता. तिने त्याला कविता ऐकवली.

"झकास आहे गं ताई. पण हा पाहुणा भेटला कुठे तुला? बोस्टनच्या धक्क्यावर?"

"कवितेत असतोच तो."

"मग आपल्या या बिचाऱ्याला कोण विचारणार?"

गवतातून एक बॉबोलिंक झेपावला. पोट काळं, पाठ पांढरी, जणू कोट उलटा चढवलाय. हवेतल्या हवेत गाणं सांडून तो पुन्हा गवतात उतरला. जन्मभर कानांवर पडलेलं ते गाणं. त्यावर एक ओळही आपल्याला सुचू नये, याचं थर्झाला नवल वाटलं. ती तिथेच बसून राहिली. मादी घरट्यापासून लांब उतरते आणि गवतातून चालत घरी जाते, हे तिला त्या दिवशी दिसलं.

साप्ताहिकाचे संपादक स्प्रेग सभेत कविता वाचणार होते. नाइटिंगेलच्या जागी बॉबोलिंकचं नवं कडवं पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, हा शेतातला पक्षी. दक्षिणेत तर लोक मारून खातात याला!"

"पण मी ऐकलाय तो. नाइटिंगेल तुम्ही तरी ऐकलाय का?"

"नाही. पण लोक हसतील हो."

"हसू देत. नाहीतर गेल्या वर्षीचीच कविता वाचा, साहेब. नाइटिंगेल आहेच तिच्यात."

स्प्रेगना हसू आवरलं नाही. त्यांनी कागद खिशात घातला.

सभेत बॉबोलिंकचं नाव येताच खरोखरच खसखस पिकली. स्प्रेग वाचत राहिले. कवितेतली मादी चालत घरी निघाली तसा हशा विरला, आणि पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अगदी अस्संच!" सभा सुटल्यावर पायऱ्यांवर घरटी नेमकी कुठे असतात यावर वाद रंगला. नाइटिंगेलवरून आजवर कुणी भांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेबेझने कुरण कापलं. ओढ्याकाठचा घरट्यांचा कोपरा मात्र तसाच उभा होता.

"तो राहिला की रे," थर्झा म्हणाली.

"राहू दे. आता त्याला हात लावला तर गाव मलाच कापून काढेल."